स्पॅनिशभाषक वस्तीतले तरुण मिशनरी: दिवस कसा जातो, शिकवणं कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ह्यूस्टनच्या गल्फ्टन भागात, अपार्टमेंटच्या आवारांतून, काळी नामपट्टी लावलेली विशीच्या आतबाहेरची अमेरिकन मुलं-मुली जोडीजोडीने स्पॅनिश बोलत फिरताना दिसतात. त्यांच्या चर्चमध्ये संध्याकाळी इंग्रजीचा मोफत वर्ग चालतो आणि तिथे मदतीला जायचा विचार आहे. ही मुलं दिवसभर नेमकं काय करतात, शिकवतात कसं, आणि बाहेरून येणाऱ्याने कशात हात घालावा, कशापासून लांब राहावं?

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि अशा मिशनऱ्यांना स्पॅनिश, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगता येईल. या कामात भाषा अवघड आहेच, पण त्याहून अवघड आहे ते समोरच्या माणसाच्या घड्याळाप्रमाणे स्वतःला वळवणं. ते ज्या जोडीला जमतं तिची मोडकीतोडकी स्पॅनिशसुद्धा लोक समजून घेतात. ज्यांना जमत नाही त्यांना अस्खलित भाषा येऊनही दारं उघडत नाहीत.

आधी ही मुलं कोण ते. तुम्हाला दिसतात ते बहुधा चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या चर्चचे मिशनरी. चर्चची स्थापना १८३०ची, मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीत. मुलगे १८व्या वर्षापासून जाऊ शकतात आणि २४ महिने काम करतात, मुली १८ महिने. पगार नाही. उलट अमेरिकेतल्या मिशनऱ्याच्या घरून महिन्याला ५०० डॉलर भरले जातात. २०२०च्या जुलैपर्यंत हा आकडा ४०० होता. कुठे जायचं आणि कोणती भाषा शिकायची हे त्यांच्या हातात नसतं, चर्चच्या पत्रातून कळतं. शाळेत स्पॅनिश घेतलेला मुलगा तैवानला जातो आणि कधीच न घेतलेली मुलगी टेक्सासच्या स्पॅनिशभाषक वस्तीत येते, असं सर्रास होतं.

स्पॅनिशचं प्रशिक्षण साधारण सहा आठवड्यांचं, युटातल्या प्रोव्हो इथल्या केंद्रात किंवा मेक्सिको सिटीत, जिथे २०१३ पासून मोठं केंद्र आहे. सहा आठवड्यांत प्रार्थना, साक्ष देणं म्हणजे आपली श्रद्धा बोलून दाखवणं, धर्मातले नेहमीचे शब्द आणि वर्तमान-भूतकाळ एवढं येतं. पण छत गळतंय, घरमालक अनामत परत देत नाही, मुलाला शाळेतून चिठ्ठी आली, पाठ धरलीय, दुसऱ्या पाळीला बोलावलंय, हे काही येत नाही. म्हणून पहिले दोन-तीन महिने नवा मिशनरी धर्मावर बऱ्यापैकी बोलतो आणि स्वयंपाकघरातल्या गप्पांत मुका होतो. विश्वास तर स्वयंपाकघरातच बसतो. त्या काळात त्याच्याबरोबर जुना जाणता साथीदार देतात, तो याच कारणासाठी. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची फेरी असते. त्यात साथीदार बदलतो, कधी भागही बदलतो. ही सहा आठवड्यांची फेरी लक्षात ठेवा, वर्गाच्या बाबतीत पुढे ती आडवी येते.

दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो आणि रात्री साडेदहाला दिवे बंद होतात. उठून अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, नाश्ता, स्वतःचा अभ्यास, मग जोडीने अभ्यास आणि त्याशिवाय भाषेचा अर्धा-एक तास. घराबाहेर पडायला दहा वाजतात. रात्री नऊच्या सुमाराला परत, मग उद्याचं नियोजन. २०१७ पासून या वेळा भागाप्रमाणे थोड्या हलवायची मुभा आहे, आणि स्पॅनिशभाषक भागात ती वापरलीच पाहिजे. कारण बघा. छपरं घालणारा, गवत कापणारा, भिंती उभ्या करणारा माणूस पहाटे पाचला घर सोडतो आणि संध्याकाळी सहा-सातला परततो. हॉटेलात काम करणाऱ्यांना दुपारी अडीच ते साडेचार मोकळे मिळतात. रात्री कार्यालयं साफ करणाऱ्या बायका दुपारी बारानंतर उठलेल्या असतात. शनिवार बहुतेकांचा कामाचा, आणि रविवारीही हॉटेलवाल्यांना सुट्टी नसते. म्हणजे सकाळी दहा ते बारा दारं ठोठावून हाती फार काही लागत नाही. हाच वेळ अभ्यासाला, कोणाचं सामान हलवायला मदत करायला किंवा गरजूंना अन्नधान्य वाटणाऱ्या फूड बँकेत पेट्या भरायला द्यावा, आणि साडेपाच ते नऊ हे साडेतीन तास जिवापाड जपावेत.

या साडेतीन तासांत भेटी ठरवताना नवे लोक एक चूक हमखास करतात: साडेपाचला एका आवारात, साडेसहाला चार मैलांवर, साडेसातला पुन्हा पहिल्या बाजूला. ठरलेल्या चार भेटींतल्या एक-दोनच होतात हे धरून चालायचं. मग एक संध्याकाळ एकाच आवाराला द्यावी आणि प्रत्येक भेटीमागे त्याच आवारातलं दुसरं घर राखून ठेवावं. पत्ता लिहिताना नुसता रस्ता आणि क्रमांक लिहून भागत नाही. इमारतीचा क्रमांक, कोणत्या जिन्याने, मजला, फाटकाचं कुलूप कधी बंद असतं, गाडी कुठे लावता येते, हे सगळं नोंदीत हवं. मोठ्या आवारात वीस-वीस सारख्या इमारती असतात आणि अंधारात चुकीचं दार ठोठावलं तर त्या घरातल्यांचा जीव उगाच घाबरा होतो.

भेट पक्की करायला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवावा. लिहिलेला निरोप वाचायला अवघड जाणारी माणसं पुष्कळ असतात आणि ती तसं सांगत नाहीत. एक निरोप आदल्या रात्री, एक त्या दिवशी निघायच्या दोन तास आधी. प्रीपेड फोनचे क्रमांक वरचेवर बदलतात, म्हणून घरातल्या आणखी एका माणसाचा क्रमांक विचारून ठेवावा. आणि ‘प्रिमेरो दिओस’ म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं उत्तर आलं तर भेट ठरली असं समजू नये. तोंडावर नाही म्हणणं त्यांना उद्धट वाटतं. दिवस आणि वेळ त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली की ती ठरली.

आता दार. इथे जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. संध्याकाळी दोन अनोळखी, नीटनेटक्या कपड्यांतली, छातीवर पट्टी लावलेली माणसं दारात उभी दिसली की ज्या घरात कोणाच्या तरी कागदपत्रांची धास्ती आहे तिथे पहिला विचार इमिग्रेशनवाल्यांचा येतो. दिवे विझतात, टीव्ही बंद होतो, मुलांना गप्प केलं जातं. म्हणून दार बोटांनी हलकंच वाजवायचं, मुठीने बडवायचं नाही. वाजवून दोन-तीन पावलं मागे सरायचं आणि दाराच्या भिंगातून दोघेही पूर्ण दिसतील असं उजेडात उभं राहायचं. पहिल्याच वाक्यात स्पॅनिशमध्ये आपण कोण, कोणत्या चर्चचे आणि कशासाठी आलो ते सांगायचं. हातात लिहायची पाटी नको, दारात उभं राहून फोनवर काही टिपणं नको, दाराचा किंवा क्रमांकाचा फोटो तर अजिबात नको. नोंद जिना उतरल्यावर करावी. तुम्ही कुठले, कधी आलात, कसे आलात, हे प्रश्न पहिल्या भेटीत तर नकोतच, आणि कागदपत्रांचा विषय आपण होऊन कधीच काढायचा नाही. दार लहान मुलाने उघडलं तर मोठ्या माणसाला बोलवायला सांगायचं, आत पाऊल टाकायचं नाही. घरात फक्त एकटी बाई असेल तर दोन मुलग्यांनी आत जायचं नाही, हा त्यांचा नियमच आहे. तेव्हा उंबऱ्याबाहेर दोन शब्द बोलून दुसरी वेळ ठरवावी, नाहीतर तिथे दोन मुलींची जोडी पाठवावी.

खरं सांगायचं तर स्थलांतरितांच्या वस्तीत अनोळखी दारं ठोठावणं हा सगळ्यात कमी फळ देणारा मार्ग आहे. एका ओळखीच्या माणसाने बरोबर येऊन ‘हे माझे ओळखीचे’ म्हटलं की जे होतं ते शंभर दारांनी होत नाही. म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळींपैकी, ज्यांना तिथे एर्मानो आणि एर्माना म्हणजे भाऊ-बहीण म्हणतात, कोणीतरी भेटीला बरोबर असावं. हा माणूस त्याच देशाचा असला तर फारच उत्तम.

भाषेबद्दल. सगळ्यांशी ‘उस्तेद’ने, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’ने बोलायचं हा मिशनऱ्यांचा दंडक आहे आणि तो शहाणपणाचा आहे. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोरची माणसं आपसात ‘बोस’ म्हणतात, मेक्सिकन ‘तू’ म्हणतात. बाहेरच्याने त्या सलगीत शिरायची घाई करू नये. प्रार्थनेत मात्र देवाला ‘तू’ म्हणतात. आपण विठ्ठलाला अरे-तुरे करतो, त्यामुळे मराठी माणसाला हे लगेच पटतं. शिकवताना मी ‘उस्तेद’ची आज्ञार्थी रूपं आणि इच्छा-शंका दाखवणारी रूपं, ज्यांना स्पॅनिशमध्ये सुबखुंतिवो म्हणतात, ती पहिल्याच पंधरवड्यात घेते. पाठ्यपुस्तकात ती बऱ्याच उशिरा येतात. पण ‘तुम्ही याल अशी आशा आहे’ हे म्हणायला ‘एस्पेरो के बेंगा’ लागतं, ‘बसा’, ‘सांगा’, ‘वाचा’ यालाही तीच रूपं लागतात आणि प्रार्थनेचं अर्धं वाक्य त्यांच्यावरच उभं असतं. ती न येणारा मुलगा सगळं सरळ विधानात बोलतो आणि हुकूम सोडल्यासारखा वाटतो.

कान तयार करायलाही वेळ लागतो. डोमिनिकन, क्यूबन आणि होंडुरासची माणसं शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात, आणि प्रशिक्षण केंद्रात तर स्वच्छ, सावकाश स्पॅनिश ऐकलेली असते. यावर उपाय एकच: त्या दिवशी ऐकलेले आणि न कळलेले आठ-दहा शब्द वहीत उतरवायचे, सकाळच्या भाषेच्या तासात त्यांची वाक्यं करायची आणि त्याच दिवशी संध्याकाळी ती कोणाशी तरी वापरायची. तीनशे शब्दांच्या याद्या पाठ करणारे दोन आठवड्यांत त्या विसरतात. साथीदाराशी घरातही स्पॅनिशच बोलावं, अगदी भांडी कोणी घासायची हेसुद्धा. आपल्याकडे १८१३ साली मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांनाही आधी मराठीच शिकावी लागली होती. बाजारात उभं राहून ऐकल्याशिवाय ती येत नाही, ही गोष्ट दोनशे वर्षांत बदललेली नाही.

ज्याला आपण स्पॅनिशभाषक समजतो त्याची स्पॅनिश ही मातृभाषा असेलच असं नाही, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. ह्यूस्टनमध्ये १९८०च्या दशकापासून ग्वाटेमालातल्या तोतोनिकापान भागातून आलेले किचे बोलणारे माया लोक राहतात. अमेरिकेत इतरत्र माम आणि कान्होबाल बोलणारेही भेटतात. घरात मायाभाषा, कामावर कामचलाऊ स्पॅनिश. असा माणूस प्रत्येक वाक्याला ‘सी, सी’ म्हणतो आणि मिशनरी खूश होऊन पुढे जातो. ‘कळलं का?’ हा प्रश्नच इथे निरुपयोगी आहे, कारण उत्तर नेहमी हो असतं. ‘हे तुम्ही घरी बायकोला कसं सांगाल?’ असं विचारावं, म्हणजे काय पोचलं ते त्यांच्याच तोंडून कळतं. न पोचलं तर वाक्यं आखूड करावीत. आवाज वाढवून काही होत नाही. मोठ्याने वाचायचा आग्रहही धरू नये. ‘कोण वाचणार?’ असं विचारून सोडून द्यावं. जो वाचू शकतो तो पुढे होतो आणि बाकीच्यांची लाज राहते. फोनवर ऐकायची आवृत्ती लावून दिली की सगळे एका पातळीवर येतात.

घरातला पाठ तीस ते पंचेचाळीस मिनिटांचा, आणि त्यात विषय एकच. दिवसभर छपरावर राबून आलेला माणूस जेवायचा आहे, मुलं रांगत आहेत, टीव्ही चालू आहे. टीव्ही बंद करा असं सांगू नये. प्रार्थना करूया का असं विचारलं की घरातलेच आवाज कमी करतात. दोघांनी आलटून पालटून बोलावं. एकजण वीस मिनिटं बोलतोय आणि दुसरा मान डोलावत बसलाय, असं दिसलं की समजावं, ज्याला भाषा कमी येते त्याला जाणत्याने गप्प बसवलंय. त्यामुळे नव्याची भाषा कधीच सुधारत नाही.

बहुतेक घरं कॅथलिक असतात, काही इव्हॅन्जेलिकल. भिंतीवर ग्वादालुपेच्या मरियमची तसबीर असते, १२ डिसेंबरला तिचा सण, त्यानंतर १६ ते २४ डिसेंबर पोसादा, म्हणजे नाताळाआधीच्या घरोघर जायच्या मिरवणुका. या दिवसांत वाद घालणारा मिशनरी ते घर कायमचं गमावतो, आणि माझ्या मते ते योग्यच होतं. ज्या माणसाने गाव, भाषा, आई-वडील मागे टाकलेत त्याच्या भिंतीवरची शेवटची ओळखीची गोष्ट ओढून काढायचा अधिकार अठरा वर्षांच्या मुलाला नाही.

जेवणाचं आमंत्रण नाकारू नये. पुपुसा, तमाल, बालेआदा, जे ताटात येईल ते थोडं घ्यावं, कारण संपलं की पुन्हा वाढतात. यजमान जेवत असताना मध्येच पोचलात तर ‘प्रोवेचो’ म्हणजे सावकाश जेवा असं म्हणावं, उठताना ‘कोन पेर्मिसो’, म्हणजे परवानगी असावी. कॉफी मिशनऱ्यांना चालत नाही, आणि कॉफी तर प्रत्येक घरात पुढे येते. चर्चच्या नियमांचं व्याख्यान न देता हसून पाणी किंवा ओर्चाता, म्हणजे तांदळाचं गोड पेय, मागून घ्यावं.

आता तुमच्या कामाचा भाग, इंग्रजीचा वर्ग. तो बहुधा आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी, सात ते साडेआठ असा चालतो. येणाऱ्यांपैकी बरेच जण चर्चचे नसतात आणि होणारही नसतात. वर्ग त्यावर अवलंबून नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं पाहिजे. हजेरीला फक्त पहिलं नाव लिहावं. पत्ता, जन्मतारीख, देश असे रकाने असलेला फॉर्म पुढे केला की पुढच्या आठवड्यात निम्मे लोक येत नाहीत.

वर्ग बिघडायची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, शिकवणारा व्याकरणाचा तास घेतो. कामावरून आलेल्या माणसाला क्रियापदांचं कोष्टक नको असतं, उद्या मुकादमाला काय सांगायचं ते हवं असतं. दुसरं कारण थोडं नाजूक आहे: मिशनऱ्याला स्वतःला स्पॅनिशची भूक असते, म्हणून तो सगळा वर्ग स्पॅनिशमध्ये चालवतो. त्याची भाषा सुधारते आणि शिकायला आलेल्यांच्या तोंडून दीड तासात पाच इंग्रजी वाक्यंही निघत नाहीत. सूचना स्पॅनिशमध्ये चालतील, सराव पूर्ण इंग्रजीत. निम्म्याहून जास्त वेळ शिकणाऱ्यांनी बोललं पाहिजे. तिसरं, पाठ मालिकेसारखे आखले जातात. काम जसं असेल तसे लोक येतात, पाऊस पडला तर छपरवाले सगळे येतात, उघाड मिळाली की गायब. म्हणून प्रत्येक वर्ग त्या दिवसापुरता पूर्ण हवा. चौथं म्हणजे ती सहा आठवड्यांची बदली. शिकवणारी जोडी गेली की वर्ग पुन्हा ‘हॅलो, माय नेम इज’ वर येतो आणि शिकणारे कंटाळतात. एक साधी वही वर्गातच ठेवा, दर वेळी काय घेतलं आणि कोण कुठे अडलं ते दोन ओळींत लिहा. तुम्ही कायम तिथे राहणार, त्यामुळे ही वही तुम्हीच सांभाळावी असं मला वाटतं.

एक पाठ पूर्ण सांगते, म्हणजे अंदाज येईल. विषय पगाराची पावती. आपण तयार केलेली कोरी नमुना पावती सगळ्यांना द्यायची. कोणाची स्वतःची पावती मागायची नाही. पहिली दहा मिनिटं पाचच शब्द: तासाचा दर, तास, ओव्हरटाइम, ग्रॉस (कपातीआधीची रक्कम), नेट (हातात येणारी). मग हिशेब फळ्यावर: तासाला १५ डॉलर, आठवड्याला ४६ तास. पहिले ४० तास म्हणजे ६०० डॉलर. वरचे ६ तास दीडपटीने, म्हणजे २२.५० प्रमाणे १३५. एकूण ७३५, कपातीच्या आधी. चाळीस तासांवर दीडपट हा नियम १९३८च्या संघीय कायद्यातला आहे आणि बहुतेक मजुरांना लागू होतो. ज्यांना रोखीने पैसे मिळतात त्यांनीही आपले तास रोज स्वतः लिहून ठेवावेत, हे सांगायला विसरू नका. यानंतरची वीस मिनिटं फक्त दोन वाक्यं, जोडीजोडीने, आकडे बदलून: ‘आय वर्क्ड फॉर्टी-सिक्स आवर्स. द चेक सेज फॉर्टी.’ एकजण मुकादम, दुसरा कामगार, मग उलट. बसून झालं की उभं राहून, कारण प्रत्यक्षात हे उभ्यानेच बोलायचं असतं. शेवटची दहा मिनिटं तेरा-तीस, चौदा-चाळीस, पंधरा-पन्नास ऐकून ओळखायला. इंग्रजीत ‘थर्टीन’चा जोर शेवटी आणि ‘थर्टी’चा सुरुवातीला पडतो, शेवटचा ‘न’ ऐकू येईल याच्या भरवशावर राहू नये असं शिकवा. पन्नास डॉलर समजून पंधरावर काम केलेली माणसं वर्गात असतातच.

दुसरा पाठ औषधाच्या बाटलीचा. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा. तेच स्पेलिंग स्पॅनिशमध्ये वाचलं तर होतं ‘ओन्से’, म्हणजे अकरा. ‘दिवसातून एकदा’ची चिठ्ठी ‘दिवसातून अकरा’ अशी वाचली जाऊ शकते, आणि हा धोका खरोखरचा आहे. चहाचा चमचा ५ मिलिलिटर, मोठा चमचा १५. ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट. हे आकडे फळ्यावर लिहून त्यांना फोनमध्ये फोटो काढू द्या. ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करून पत्ता सांगणं हा पाठ तर पहिल्या दोन वर्गांतच यायला हवा: घर क्रमांक एकेक आकडा सुटा, रस्ता, अपार्टमेंट, आणि ‘स्पॅनिश, प्लीज’.

तारीख आणि नाव या दोन गोष्टींत मराठी माणूस उपयोगी पडतो. ०३/०७ ही त्यांना आपल्यासारखीच ३ जुलै वाटते, अमेरिकेत ती ७ मार्च होते आणि डॉक्टरची वेळ चुकते. त्यांच्या नावात दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. कारकून शेवटचं तेवढं आडनाव धरतो, दुसऱ्या खिडकीवर दुसरा कारकून पहिलं धरतो, आणि एकाच बाईच्या दवाखान्यात दोन फायली तयार होतात. कार्डावर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने, दर वेळी सांगायचा सराव घ्या.

उच्चारांत अडतात ते ‘स्कूल’, ‘स्टॉप’च्या आधी येणारा ‘ए’, ‘शिप’ आणि ‘शीप’मधला फरक, ‘यलो’चा ‘जेलो’ आणि शब्दाच्या शेवटी गळणारं व्यंजन. ‘कार्ड’चं ‘कार’ होतं. आपणही एक जपायचं: मराठीत एकच ‘व’ असल्यामुळे आपले ‘व्हेरी’ आणि ‘वेअर’ सारखे येतात. ‘ब’ आणि ‘व्ह’ वेगळे ऐकायला त्यांना आधीच जड जातं, तिथे आपला घोळ त्यात मिसळायला नको. तेवढा उच्चारांचा भाग मिशनऱ्याकडून करून घ्यावा.

कशात हात घालू नये ते आता. कायद्याचा सल्ला देऊ नका, फॉर्म भरून देऊ नका, कोर्टाच्या कागदाचं भाषांतर करू नका, कोणाचे पैसे सांभाळू नका. लॅटिन अमेरिकेत ‘नोतारियो’ हा वरच्या दर्जाचा वकील असतो. अमेरिकेतला नोटरी फक्त सह्यांना साक्ष राहतो, आणि त्या नावाखाली दुकान थाटून फसवणारे सगळीकडे आहेत. आश्रयाचा अर्ज साधारणपणे देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. अशा दुकानात वाया गेलेले तीन महिने कोणाचं आयुष्य बदलू शकतात. म्हणून न्याय विभागाने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थांची यादी छापून ठेवा, हातात द्या आणि तिथेच थांबा. मुलांना शाळेत घालायला घाबरणारे आई-बाप भेटतात. १९८२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सरकारी शाळेत कागदपत्रांवरून मुलाला नाकारता येत नाही, हे मात्र सांगायला हरकत नाही. दवाखान्यात दहा वर्षांच्या मुलाला दुभाषी करू नका. दवाखान्याकडे दुभाषी मागायचं इंग्रजी वाक्य वर्गात शिकवा.

मिशनऱ्यांकडून गाडीने सोडण्याची अपेक्षाही ठेवू नये. त्यांच्या गाडीत मिशनऱ्यांशिवाय कोणी बसत नाही, आणि गाडी मागे घेताना साथीदाराने खाली उतरून मागे उभं राहायचं असतं. ज्यांना गाडी नाही ते सायकलवर. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात दुपारी सायकलवर निघताना माणशी दोन लिटर पाणी कमीच पडतं. तुमच्या घरावरून जात असतील तर बाटल्या भरून द्या, ही खरी मदत.

आणि त्या मुलांकडेही लक्ष असू द्या. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, संध्याकाळी सहापर्यंत त्यांचा: कपडे धुणं, किराणा, केस कापणं. २०१९च्या फेब्रुवारीपासून त्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल करता येतो. त्याआधी वर्षातून दोनच फोन होते. सहा महिने ज्या कुटुंबात बसले-उठले ते कुटुंब एका रात्रीत गाशा गुंडाळून दुसऱ्या राज्यात जातं, फोन बंद, दारात नवी माणसं. एकोणीस वर्षांच्या पोरांना हे जड जातं आणि ती बोलत नाहीत. वर्ग संपल्यावर खुर्च्या रचताना ‘जेवलात का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

सुरुवात अशी करा: पहिले दोन वर्ग मागे बसून नुसते बघा. तिसऱ्या वेळी चार-पाच जणांचं एक टेबल मागून घ्या, शक्यतो ज्यांना लिहिता-वाचता कमी येतं त्यांचं, कारण त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष पुरत नाही. नमुना पावत्या, जाड मार्कर आणि मोठ्या आकड्यांच्या पट्ट्या स्वतःच्या घेऊन जा. वर्गाला आलेल्यांची लहान मुलं बसतात त्या खोलीत मदत मागितली तर एकट्याने कधीच थांबू नका, दुसरं मोठं माणूस येईपर्यंत दार उघडं ठेवून बाहेर उभे राहा.